तिसरा थर

वसंतकाकांनी माझ्या वडिलांना फसवलं. समीर देसाई नावाच्या एका भल्या माणसालाही त्याच दिवशी, त्याच तोंडानं फसवलं. आणि मलाही फसवलं, पण ते मी शेवटी धरते, कारण मी तिथं उभी होते आणि माझे डोळे उघडे होते. एवढं आधी लिहून टाकते. पुढं वाचून कुणी म्हणायला नको की सुमननं गोड गोड आठवणी सांगता सांगता मध्येच भांडण काढलं. भांडण काढायलाच बसले आहे.

आम्ही तेव्हा थेरगावात राहायचो, वसंतकाकांच्याच चाळीत, दोन खोल्यांत. काका थेरगावचे मूळचे, जमीन त्यांची, चाळ त्यांची, चाळीमागची पत्र्याची शेडही त्यांची. आम्ही लातूरकडचे. एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि मी एवढं घेऊन आई-आप्पा पहिल्यांदा इथं उतरले, तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. डांगे चौकात चहा पिता पिता काकांनी आप्पांना विचारलं, "पाव्हणं, कुठं उतरलाय?" आणि उत्तर ऐकून सरळ खोलीची किल्ली हातात दिली. आप्पांनी ही गोष्ट मला निदान शंभर वेळा सांगितली असेल. दर वेळी शेवटचं वाक्य तेच: "सुमनबाई, वळख ना पाळख, आन् किल्ली दिली माणसानं." त्या किल्लीचं ओझं आप्पांच्या मानेवरून कधी उतरलंच नाही. मी आज माणसांशी व्यवहार करते तेव्हा पहिल्या मदतीची आठवण मनात ठेवते, पण तिला गळ्यात बांधून घेत नाही. हे मी घरातच बघून शिकले.

आप्पा भोसरीत एका टूलरूममध्ये फिटर होते. कानशीवर त्यांचा हात असा होता, की लोखंडाच्या दोन पट्ट्या ते घासून एकमेकींवर ठेवत आणि खिडकीकडे धरत, तर मधून उजेड दिसायचा नाही. आमच्या घराचा आवाज म्हणजे कानशीचा आवाज. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक जाड लाकडी फळकूट, त्यावर तुकडा आवळून धरायला छोटा वाईस. संध्याकाळी शिफ्टवरून आले की आप्पा आधी कानशीला खडू घासायचे, म्हणजे तिच्या दातांत चुरा अडकत नाही, आणि मग कर्र, कर्र, थांबून फुंकर, पुन्हा कर्र. आतल्या खोलीत आई भाकऱ्या थापायची, तिची थाप आणि आप्पांची कानस यांचा एक मेळ जमलेला असायचा. येसराच्या आमटीचा वास आणि रेझिनचा वास आमच्या घरात एकत्र नांदायचे. रेझिन कारण काकांच्या शेडमध्ये फायबरग्लासचं काम चालायचं, मशिनची कव्हरं, कूलरच्या बॉड्या, कधी टाक्या, आणि बारीक फिटिंगचं काही आलं की काका ते आप्पांकडे आणून टाकायचे. फायबरची धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही. आई कामाआधी आप्पांच्या हातांना खोबरेल चोळायची आणि म्हणायची, "लगीन लावायलेत जणू तुमचं, रोज हळद-तेल." आप्पा हसायचे. ते हसणं मी नंतर फार कमी ऐकलं.

मी तेव्हा आयटीआयला होते. फिटर ट्रेडला आम्ही दोनच मुली. घरी येऊन मी आप्पांच्या शेजारी बसायची आणि ते मला तुकडा द्यायचे, "घे, चौकोन कर." केला की मापाचा व्हर्नियर लावून बघायचे आणि काही न बोलता परत माझ्या हातात द्यायचे. त्या न बोलण्याचा मला इतका राग यायचा की मी पुन्हा घासायची.

एका रविवारी काका शेडमधून हाक मारत आले. बरोबर एक उंच, सावळा, दाढी राखलेला तरुण. हाच समीर. हिंजवडीत कंपनीत कामाला, मारुंजीत भाड्यानं राहायचा. त्याच्या बगलेत पांढरी, माणसापेक्षा लांब, दोन्ही टोकांना निमुळती फळी होती. कंपनीनं त्याला परदेशी पाठवलं होतं, तिथं तो समुद्राच्या लाटेवर उभं राहायला शिकला, आणि येताना फळीही घेऊन आला. चाळीतली सगळी माणसं दारात आली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "इस्त्रीचा टेबल आहे का हो?" समीर हसून म्हणाला, "यावर उभं राहतात, मावशी." "टेबलावर?" असं म्हणून त्या आत गेल्या त्या गेल्याच.

फळीच्या पोटाशी, मागच्या बाजूला, प्लॅस्टिकची एक लांब खाच बसवलेली होती. त्या खाचेत एक पातं उभं राहतं, माशाच्या परासारखं. फिन म्हणतात त्याला, पण आप्पा पहिल्या मिनिटापासून परच म्हणाले आणि आमच्या घरात तो परच राहिला. मूळचा पर प्रवासात मोडला होता. समीरनं दुसरा मिळवला, पण त्याचं बूड खाचेपेक्षा बारीक. पुढून स्क्रू आवळला तरी पर दोन्ही बाजूंना डुलायचा. समीर म्हणाला, "लाट वळवायला गेलो की हा आधी हलतो, मग फळी वळते. तेवढ्यात मी पाण्यात."

आप्पांनी पर खाचेत घातला, एका बोटानं डावीकडे ढकलला, उजवीकडे ढकलला. टक, टक. मग माझ्याकडे बघितलं. मी व्हर्नियर घेऊन खाच मापली, बूड मापलं. दोन्ही बाजू मिळून जेमतेम मिलिमीटरचा फरक.

"पॅकिंग मारू की राव," काका म्हणाले. "पत्र्याची पट्टी सारायची, झालं."

"खाऱ्या पाण्यात पत्रा?" आप्पा म्हणाले. "महिन्यात गंजून जाईल. बुडालाच थर द्यायचा रेझिनचा. पातळ कापड घालून. एक थर, वाळला की घासायचा. मग दुसरा. मापात येईस्तोवर."

मग त्यांनी समीरला खाच दाखवून जे सांगितलं ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "साहेब, हे बघा. या खाचेचे ओठ पातळ हायेत, आन् खाली निस्ता फोम हाय. पर अंगठ्यानं दाबून बसला पायजे आन् अंगठ्यानंच निघाला पायजे. सैल नको, पण ठोकून तर बिलकुल नको. ठोकला की बसंल, हलणार न्हाई, तुम्हाला वाटंल लई झकास. पण ओठ आतून फाकलेले असतील. लाटेचा पहिला दणका बसला की खाचेसगट उपटून येईल."

काका मान हलवत होते. ते आधी पत्रे दाबायच्या प्रेसवर काम केलेले. प्रेसवाल्यांच्या डोक्यात घट्ट म्हणजे चांगलं, एवढं एकच गणित असतं. जे ठोकून बसतं ते पक्कं. त्यांना आप्पांचं बोलणं ऐकू गेलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

दिवसांची बोलणी मी केली. समीरला दोन दिवसांत हवं होतं. मी सहा सांगितले. तो म्हणाला, "अगं, एवढासा तुकडा!" मी म्हटलं, "मग एवढासा तुकडा तुम्हीच करा." काका डोळे वटारत होते. शेवटी ठरलं, दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी न्यायचं. तेवढ्या दिवसांत तीन थर बसत होते आणि प्रत्येकाला वाळायला पुरता वेळ. मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. आधीचा दिवस खंडेनवमीचा आहे आणि त्या दिवशी आमच्या घरात कानशीला हात लागत नाही, हे मी हिशेबात धरलं होतं. तिसरा थर नवमीला वाळेल, दसऱ्याला सकाळी आप्पा घासतील, दुपारी तपासतील. कागदावर सगळं बरोबर होतं.

पहिला थर झाला, घासला. दुसरा झाला, घासला. पर आता डुलायचा थांबला होता, पण मागच्या टोकाला किंचित सैल होता, कारण बूडच मागे निमुळतं होत गेलेलं. म्हणून तिसरा थर आप्पांनी मुद्दाम जाड दिला. "हा असा बसवायचाच न्हाई," मला म्हणाले. "हा घासायसाठीच दिलाय. यातला निम्मा जाणार." आणि पर काकांच्या शेडमध्ये फळीजवळ वाळत ठेवला, कारण आमच्या खोलीत जागा नव्हती.

खंडेनवमीला आईनं पाटावर धुतलेलं लुगडं अंथरलं. आप्पांच्या कानशी, व्हर्नियर, माझी आयटीआयची हॅकसॉ, आईची विळी, खलबत्ता, सगळं ओळीनं. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. विळी पूजेत बसते म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरलेली. पुरण शिजत होतं. आप्पा पांढरा सदरा घालून हात जोडून बसले होते, आणि त्यांच्याकडे बघून वाटायचं की या माणसाचा देव खरंच त्या कानशीत आहे. कारखान्यांतही त्या दिवशी यंत्रं बंद, दारांना तोरणं. एरवी सतत घोंघावणारा आमचा परिसर त्या सकाळी इतका गप्प होता की चुलीवरच्या पुरणाची रटरट ऐकू यायची.

दुपारी आईनं नैवेद्याचं ताट शेडवर द्यायला पाठवलं. मी मागच्या दारानं आत शिरले. बाहेर रस्त्यावर एक गाडी उभी, समीर पाठमोरा टपावर दोऱ्या बांधत होता. मित्रांचा समुद्रावर जायचा बेत एक दिवस अलीकडे आला होता, हे मला नंतर कळलं. आत जमिनीवर पोत्यावर फळी पालथी, आणि काका गुडघ्यावर बसलेले. हातात नायलॉनचा हातोडा. त्या हातोड्यावर हळद-कुंकवाची बोटं ओली होती, पूजेतून तसाच उचललेला. पराच्या बुडाच्या खांद्यावर लाकडी ठोकळा धरून काकांनी एक घाव घातला. ठप्प. मग दुसरा.

"काका! तिसरा थर घासायचा राहिलाय."

"असूं दे की. बसतोय न्हवं? बघ कसा घट्ट बसतोय."

"ठोकून नाही बसवायचा. आप्पा म्हणाले होते ना. अंगठ्यानं."

"म्हणलं हुतं." त्यांनी तिसरा घाव घातला. "आत्ता त्यांनीच सांगितलंय. मगाशी ईचारून आलो. घाईचं हाय तर बसवा म्हणले, काय हुत न्हाई. तू ताट ठिव तिथं आन् जा, पुरण गार हुईल."

मी ताट हातात घेऊन उभी राहिले. दहा पावलांवर समीर होता. मला फक्त हाक मारायची होती. मी, जिनं आयुष्यात कुणाचा शब्द तपासल्याशिवाय घेतला नाही, जी भाजीवालीच्या तराजूखाली वाकून बघायची, तिनं त्या दिवशी तो शब्द तसाच घेतला. कारण तो आप्पांच्या नावानं दिला गेला होता. वाटलं, आप्पा म्हणाले असतील तर त्यात काहीतरी असेल जे मला कळत नाही. काकांनी फळी बाहेर नेली आणि समीरनं पर हलवून बघितला. तो हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी बघितला. "आप्पांना सांगा, जबरदस्त काम झालंय," तो मला म्हणाला. गाडी गेली.

घरी येऊन मी आप्पांना विचारलं, "काका तुम्हाला विचारायला आले होते?"

आप्पा जेवत होते. घास हातातच राहिला. "कशाला?"

मी सांगितलं. ते ताटावरून उठले. आमच्या घरात अन्नावरून उठलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हात न धुता ते शेडवर गेले, मी मागं पळत. काका खुर्चीवर पान लावत होते.

"वसंतराव, पर ठोकला का?"

"छ्या!" काका म्हणाले. "त्यानं फळी निराळी नेली, पर म्या निराळा दिला. म्हणला, घासून घेतो तिकडं, माझ्या दोस्ताकडं हत्यार हाय."

"खोटं!" मी ओरडले. "मी बघितलं, तीन घाव!"

"म्या नुसत्या हातानं साचा थापटत हुतो, पोरी. निघत नव्हता. तुझं ध्यान ताटात." आणि आप्पांकडे वळून, हसत, "आप्पा, सणाच्या दिशी म्या हत्यार उचलंन व्हय?"

हे वाक्य अचूक होतं. आप्पांना त्या दिवशी हत्यार उचलणारा माणूस कल्पनेतही दिसत नव्हता. तरी ते म्हणाले, "फोन लावा त्याला." काकांनी फोन कानाला लावला, वाट बघितल्यासारखं केलं, खाली ठेवला. "घाटात असंल. लागत न्हाई." पुन्हा लावला की नाही, मला माहीत नाही. नंबर त्यांच्याकडेच होता.

पुढचे चार दिवस आमच्या घरात कानस वाजली नाही. दसऱ्याला सोनं वाटलं, आप्पांनी काकांच्या पायाला हात लावला, मी नाही लावला. रात्री आई म्हणायची, "झालं असंल काही नीट. तुम्ही जेवा." आप्पा खिडकीखालच्या फळकुटावर बसून स्वतःचा अंगठा बघत राहायचे. मला राग यायचा. काकांचा, आणि मुलीपेक्षा किल्लीवर जास्त विश्वास ठेवणाऱ्या बापाचा. हे लिहिताना माझी मुलगी शेजारून म्हणते, "आई, आजोबांवर पण?" हो, आजोबांवर पण.

पाचव्या दिवशी समीर आला. मित्राच्या खांद्यावर हात टाकून. डावी पोटरी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बांधलेली. चाळ पुन्हा दारात आली, पण या वेळी कुणी काही विचारलं नाही. मित्राच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पर होता, आणि पराभोवती अख्खी खाच, ओठांसकट, फोमचे लचके चिकटलेली. दुसऱ्याच लाटेला उपटून आली होती. समीर पडला, फळी उलटी फिरली आणि सुटलेला पर त्याच्या पोटरीत घुसला. स्नायू कापला गेला होता.

तो शिव्या द्यायला आला नव्हता. तेच वाईट झालं. तो आप्पांना म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना, ठोकायचा नाही म्हणून? मग काका म्हणाले, आप्पांनी पास केलाय, बिनधास्त न्या. म्हणून मी नेला. मला फक्त एवढंच विचारायचंय. तुम्ही पास केला होता?"

काका तिथंच होते, दाराच्या चौकटीला टेकून. आप्पांनी पर हातात घेतला. तिसऱ्या थराच्या कडा घासलेल्या नव्हत्या, ओबडधोबड, जशा त्यांनी दिल्या होत्या तशाच. बुडाच्या खांद्यावर ठोकळ्याचा वण उठला होता. आंधळ्यालाही कळलं असतं. आप्पांनी मान वर करून काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत म्हणाले, "काम त्यांच्याच हातचं हाय, सायेब. म्या आपलं रेझिन दिलं फकस्त."

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला. मग समीरला म्हणाले, "हो. चूक माझ्या हातची हाय."

एवढंच. समीर मित्राचा खांदा धरून निघून गेला. आप्पांनी कानशी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. टूलरूममध्ये ते निवृत्त होईपर्यंत गेले, तिथं करायचं ते केलं, पण घरी पुन्हा कधी वाईस फिरवला नाही. मला पुन्हा तुकडा दिला नाही. आणि चहाच्या टपरीवर महिनाभरात बोललं जाऊ लागलं की आप्पांचा हात गेला, एका पोराचा पाय घालवला. ही बातमी टपरीवर कुणी पोचवली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वर्षाच्या आत आम्ही ती चाळ सोडली. किल्ली परत द्यायला मी गेले. काकांच्या टेबलावर ती आपटून आले, इतकी जोरात की पानाचा डबा खाली पडला.

त्यानंतर मी जे केलं ते स्वतःच्या जिवावर केलं. आज चाकणला माझं युनिट आहे, प्लॅस्टिकचे भाग काढतो, आणि मापाच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायला खरेदीवाले बिचकतात. काकांचीही शेड चाकणला आली, आमच्यापासून फार लांब नाही. मागच्या महिन्यात एक माल पोचवणारा माझ्या ऑफिसात चहा पीत बसला होता. तो सहज म्हणाला, "मॅडम, तुमच्या पलीकडे ते म्हातारे आहेत ना, ते कोकणातल्या सर्फिंगवाल्यांच्या फळ्या दुरुस्त करतात. फार नाव आहे. गिऱ्हाइकाला सांगतात, आमच्याकडे पर अंगठ्यानं बसतो, अंगठ्यानं निघतो. तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणे." मी त्याचा चहा संपू दिला. तो गेल्यावर दार लावलं आणि टेबलावरची फाइल भिंतीवर फेकली.

मग समीरला शोधलं. तो मारुंजीतच आहे, आता स्वतःच्या घरात. चालताना डावा पाय किंचित उशिरा उचलतो. मी सगळं सांगितलं, तीन घाव, ओलं कुंकू, माझं गप्प बसणं. तो म्हणाला, "तुमच्या वडिलांविषयी मी इतकी वर्षं काय काय बोललोय लोकांना." नंतर म्हणाला, "पण मला हे काकांच्या तोंडून ऐकायचंय."

मलाही. आणि आप्पांनाही, जरी ते कधी म्हणणार नाहीत. ते आता माझ्याकडेच असतात, ऐकू कमी येतं, पण उजव्या कानाशी मोठ्यानं बोललं की सगळं कळतं. त्यांना मी हे प्रकरण वाचून दाखवलेलं नाही. दाखवलं तर पुन्हा हात आडवा करतील.

वसंतकाका, तुम्ही मराठी वाचता, आणि हे तुमच्यापर्यंत पोचेल याची व्यवस्था मी केली आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता समीर माझ्या घरी येतो आहे. तुम्ही या. मला माफी नको, नुकसानभरपाई नको, खोली दिली होती त्याची आठवणही करून देऊ नका. आप्पांच्या उजव्या बाजूला बसा, आणि समीरच्या देखत, मोठ्यानं, दोन गोष्टी सांगा. तो पर कुणी ठोकला? आणि न विचारता आप्पांचं नाव का घेतलंत?